कारण : तुरीची रास

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदाची पत्रकं वडील बीदरच्या एका छापखान्यातून आणत आणि औराद तालुक्यातल्या आठवडी बाजारांतून वाटत. घरानं धम्म स्वीकारल्यानंतर काही वर्षांनी माझा जन्म झाला, त्यामुळं हात जोडून मागायची भाषा मी घरात ऐकलीच नाही. वडिलांना स्वतःला अक्षरओळख जेमतेम. मी आठ-नऊ वर्षांची असेन, ते मला बाजारात तेलाच्या रिकाम्या डब्यावर उभं करत आणि मी पत्रक मोठ्यानं वाचे. 'बंधुभगिनींनो, जागे व्हा' असं मी म्हटलं की समोरच्या म्हाताऱ्या म्हणत, जागंच हावोत की बाई, पुढचं वाच.

अशी मुलगी समुपदेशन शिकायला निघाली हे वडिलांना चमत्कारिक वाटलं. गुलबर्ग्याला समाजकार्याच्या एम.ए.ला मला प्रवेश मिळाला आणि मी विद्यार्थी कल्याण आणि समुपदेशन हा ऐच्छिक विषय घेतला. त्यात काय शिकवतात, असं त्यांनी विचारलं. पोरांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला शिकवतात, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "नुसतं ऐकायचं? आन् मग बोलायचं कोणी?"

मला मात्र तो विषय का हवा ते पक्कं माहीत होतं. आमच्या भागातली पोरं दहावी-बारावी करून गुलबर्ग्याला कॉलेजात जायची आणि संक्रांतीच्या सुमाराला पेटी घेऊन परत यायची. परत आलेल्या पोराला कोणी काही विचारत नसे. तो बैल सोडायचा आणि शेतात जायचा. नोकरी मिळवायची तर कॉलेजात नाहीतर विद्यापीठात, विद्यार्थी कल्याणाच्या खात्यात, आणि ही परत येणारी रांग तिथंच थोपवायची, असं मी ठरवलं होतं. थोपवायची कशी, याचीही मला खात्री होती. भाषण करून.

आठवड्यातले दोन दिवस आम्हाला फील्डवर्क असे. माझ्या वाट्याला शहरातलं एक कॉलेज आलं. तिथल्या विद्यार्थी कल्याण कक्षात एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात हॉकीच्या काठ्यांचा भारा होता, कारण ती खोली मुळात खेळाच्या सामानाची. तिथं जो कोणी येईल त्याच्याशी झालेलं बोलणं आम्ही डायरीत शब्द न् शब्द लिहायचं. तो काय बोलला, आपण काय बोललो, मधे कोण किती वेळ गप्प राहिलं. डायरी दर शनिवारी आमच्या मॅडम तपासत. मॅडम पन्नाशीच्या, कन्नड बोलणाऱ्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांची सही नसेल तर फील्डवर्क नापास, आणि फील्डवर्क नापास म्हणजे वर्ष गेलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक मुलगी आली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची, चिंताकीची, म्हणजे माझ्याच तालुक्यातली. हिंदू शेतकरी घरातली, घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, "अक्का, मला पंधरा-वीस दिस गावाकडं जायाचंय. तूर काढायला आलीय."

मी तिला मुलींच्या शिक्षणावर ऐकवलं. पिढ्यान् पिढ्यांच्या गुलामीबद्दल ऐकवलं. विळा खाली ठेव आणि लेखणी उचल, असंही म्हटल्याचं मला आठवतं आणि आजही कानशिलं तापतात. ती मान हलवत राहिली. मग, तास आहे अक्का, असं म्हणून उठून गेली.

मॅडमनी ते पान वाचलं आणि पेन्सिलीनं बाजूला दोन आकडे मांडले. तुझ्या ओळी एकतीस, तिच्या दोन. "ती काय विचारायला आली होती?" त्यांनी विचारलं. ती सुट्टीवर जायचं सांगायला आली होती, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, गावाला जाणारी मुलगी जाते. खेळाच्या खोलीत येऊन आधी सांगत नाही. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि तू तिला जागाच दिली नाहीस.

मला राग आला. माझ्यासारख्या मुलीला कोणी गप्प बस म्हणावं यात मला जुनाच वास येत होता. मॅडमना मी तसं बोलून दाखवलं नाही, पण डायरीत पुढचे दोन आठवडे अगदी कोरडं लिहिलं.

ती मुलगी गेली. पंधरा-वीस दिवस झाले, महिना झाला, ती आली नाही. जानेवारीत तिच्या खोलीवरच्या दुसऱ्या मुलीला गाठून विचारलं तर ती म्हणाली, तिचं नाव कटलं. आणखी दोघा-तिघांकडं चौकशी केली. बीदर-आळंदकडची अशीच काही मुलं डिसेंबरात गेली होती आणि परतली नव्हती. सगळ्यांचं उत्तर एकच. नाव कटलं.

मग मी घरात शिकले होते तेच केलं. पत्रक लिहिलं. गरीब शेतकऱ्यांच्या मुलांची नावं परस्पर कापणाऱ्या कॉलेजचा जाहीर निषेध. एका मित्राच्या ओळखीनं सायक्लोस्टाइल करून घेतलं आणि दुपारच्या सुट्टीत फाटकाशी उभी राहून वाटलं. अर्ध्या तासात मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं.

प्राचार्य ओरडले नाहीत. त्यांनी शिपायाला हजेरीपुस्तक आणायला सांगितलं आणि माझ्यासमोर उघडलं. नाव जिथल्या तिथं होतं. पुढं गैरहजेरीच्या खुणांची लांब रांग, पण नाव शाबूत. सगळी नावं शाबूत. कॉलेजात नाव कापायची पद्धतच नव्हती. हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसता येत नाही, आणि कारण पटण्यासारखं असेल तर अर्ज करून त्यातून सूट मिळते, असा नियम छापील माहितीपुस्तकात होता. सूचनाफलकावरही लावला होता, कन्नड आणि इंग्रजीत. अर्जाला अजून नऊ दिवस होते.

माझ्या डोक्यात तेव्हा गावची शाळा उभी राहिली. दहा दिवस गैरहजर राहिलं की गुरुजी लाल शाईनं नाव कापत आणि पुन्हा घालायचं तर बापाला घेऊन यावं लागे. आमच्या भागातल्या प्रत्येक पोराला जगातला तेवढा एकच नियम माहीत. मलासुद्धा. ती मुलगी डिसेंबरात हेच विचारायला आली होती, की वीस दिवस गेले तर माझं नाव कटतं का. एका शब्दाचं उत्तर होतं, आणि ते शोधायचं सोडून मी तिला विळा खाली ठेवायला सांगितलं होतं.

प्राचार्यांनी माझं फील्डवर्क थांबवावं म्हणून विभागाला चिठ्ठी लिहिली. मॅडम ती चिठ्ठी घेऊन स्वतः कॉलेजात गेल्या आणि परत येऊन मला म्हणाल्या की अर्जांची मुदत संपेपर्यंत चिठ्ठी टेबलाच्या खणात राहील. तेवढ्यात काय करता येतं ते बघ. "आणि त्या मुलीकडं गेलीस की," त्या म्हणाल्या, "उत्तर द्यायची घाई करू नकोस. तुझ्याकडं उत्तर असलं तरी."

बाकीच्या मुलांना मी पोस्टकार्डं टाकली. चार ओळींची, विशेषण एकही नाही : नाव कटलेलं नाही, या तारखेच्या आत या, या खिडकीवर अर्ज मिळतो, मी अमुक खोलीत बसते. आयुष्यात इतकं बेचव काही लिहिलं नव्हतं. चिंताकीला मात्र मी स्वतः जायचं ठरवलं. निघण्याआधी अर्जाचा कोरा कागद घ्यायला खिडकीवर गेले. तिथले कारकून वयस्क, दखनी बोलणारे. ते मायेनं म्हणाले, "टायफाइड लिखो अम्मा. टायफाइड कू कोई ना नहीं बोलता." सगळे तेच लिहितात, डॉक्टरचा कागद कुठं मिळतो तेही त्यांनी सांगितलं. शेतीकाम असं कारण लिहून सूट मिळाल्याचं त्यांच्या नोकरीत त्यांनी पाहिलं नव्हतं.

गुलबर्ग्याहून हुमनाबाद, बीदर, औराद, आणि तिथून मिळेल त्या गाडीनं चिंताकी. पोचायला दुपार टळली. घराला कुलूप, सगळी शेतात. बांधावरनं जाताना मनात मी रागाची पूर्ण तयारी करून ठेवली होती. आमच्या वस्तीची मुलगी अशा घरी गेली की काय होतं हे मला ठाऊक होतं, आणि तसं झालं तर काय बोलायचं ते बीदरपासून पाठ केलं होतं.

खळ्यावर तुरीच्या पेंढ्यांची गंज लागलेली. मुलगी डोक्याला फडकं बांधून झोडपत होती, मला बघून तिच्या हातातली काठी थांबली. बापानं विचारलं, कुठल्या, कोणाच्या. मी गाव सांगितलं, वस्ती सांगितली, बौद्ध असल्याचं सांगितलं, वडिलांचं नावही सांगितलं.

"म्हंजे ते पत्रकवाले?" तो म्हणाला. "तुमच्या बापानं एका बाजारात माझं डोस्कं खाल्लंय, बाई. बैल इकायला गेलतो, गिऱ्हाईक निघून गेलं, ह्यांचं पत्रक काय संपंना."

"आणि डब्यावर उभी राहून वाचायची ती मीच," मी म्हटलं.

तो हसला. त्यानं एक रिकामं पोतं झटकून अंथरलं आणि मुलीच्या आईनं भरलेल्या तांब्यातून सगळ्यांबरोबर मलाही पाणी दिलं. पाठ केलेलं भाषण तसंच पोटात राहिलं.

नाव कटलेलं नाही, हे मी सांगितलं. एवढं एकच वाक्य बोलले आणि गप्प बसले. फार कठीण गेलं. बाप तुरीच्या काड्या मोडत राहिला. मग म्हणाला, मास्तरनं ठेवलं आसंल नाव, पण आता जाऊन हातापाया कोण पडणार. अर्ज करता येतो, मी म्हटलं. कारकुनांनी सांगितलेला टायफाइडही सांगून टाकला, कारण लपवायचं कशाला.

आईनं काठी खाली टाकली. "न्हाई," ती म्हणाली. "धडधाकट पोरीला आजारी म्हणून लिवायचं न्हाई. कागदावर लिवलं की गावात येतंय. उद्या पावणे इचारतील, मुदतीच्या तापानं पडली होती म्हणं. मग म्या काय सांगू?"

बापाचं दुसरंच म्हणणं होतं. लेक एक महिनाभर उन्हात त्याच्या बरोबरीनं राबली, आणि आता तिनं ते काम केलंच नाही, अंथरुणात पडून होती, असं त्यानं सही करून सांगायचं. "ही गंज मग कोणी रचली?" त्यानं विचारलं.

माझ्या आत टाळ्या वाजत होत्या. खोटं लिहू नका, अंगमेहनत लपवू नका, हेच तर मी जन्मभर मोठ्यानं वाचत आले होते. भाषण ओठांपर्यंत आलं. पण खरं कारण लिहिलं तर अर्ज फेकला जायची शक्यता जास्त होती, आणि वर्ष जाणार होतं ते तिचं. माझं नव्हे. मी तिच्याकडं वळले आणि दोन्ही बाजू तिच्यासमोर ठेवल्या. खोटं लिहिलं तर बहुतेक परीक्षा मिळेल. खरं लिहिलं तर आजवर कोणाला मिळालेली नाही. मग विचारलं, तुला काय लिहायचंय.

ती इतका वेळ गप्प राहिली की शेजारच्या शेतातली बाई काय चाललंय ते बघायला बांधापर्यंत येऊन गेली.

"खरं लिवते," ती म्हणाली. "इचारलं तर मला सांगता तरी येईल. टायफाइडचं मला काय ठावं?"

तिनं पोत्यावर कागद ठेवून स्वतः लिहिलं. शाळेत शिकवलेले कृपाळू व्हावे, उपकार होतील, असले शब्द ती घालू लागली तेव्हा मी एवढंच सांगितलं की नियमात सूट आहे, नियमाचा आकडा लिही, उपकाराची गरज नाही. कारणाच्या जागी तिनं लिहिलं : तुरीची रास. आमच्याकडं कापण्या-झोडपण्याच्या सगळ्या कामाला रासच म्हणतात. बापानं खाली सही केली, एकेक अक्षर जोर देऊन.

समिती बसली ती मुदतीच्या आदल्या दिवशी. प्राचार्य आणि दोन प्राध्यापक. मला आत उभं राहायची परवानगी मिळाली, अट अशी की तोंड उघडायचं नाही. ती बापाबरोबर पहाटेच्या गाडीनं निघून आली होती, नखांत तुरीचा काळा चीक तसाच. बाप बाहेर व्हरांड्यात उकिडवा बसला.

प्राचार्यांनी कागद वाचला, परत वाचला, आणि कन्नडमध्ये विचारलं की हे काय कारण झालं. इतर मुलांनाही घरी शेती आहे. मग सगळ्यांनीच जायचं का. ती कन्नडमध्ये सुरुवात करून दोन शब्दांवर अडली. मी दाराच्या चौकटीला नखं रुतवून उभी होते. तिच्या बाजूनं बोलायला माझ्याकडं किमान सात मुद्दे तयार होते.

दुसऱ्या खुर्चीतले प्राध्यापक वनस्पतिशास्त्राचे. त्यांनी तिला मराठीत बोलायला सांगितलं आणि सरळ उलटतपासणीच घेतली. तूर किती वाजता कापता?

"उजाडताना, सर. दंवात."

"कामून? अख्खा दिवस पडलेला असतो की."

"ऊन चढलं की शेंगा फुटतात. दाणे रानात सांडतात. दोन-तीन तासच मिळतात कापायला, म्हणून माणसं लई लागतात. आमच्यात माणसं तिघंच."

"आणि ऊन चढलं की फुटतात कामून?"

ती थांबली. मला वाटलं, संपलं. तिनं दोन्ही तळहात एकमेकांना चिकटवून समोर धरले आणि सावकाश उलट्या बाजूंना पिळले. शेंगेच्या दोन फाका असतात, ती म्हणाली. त्यातल्या दोऱ्या तिरप्या असतात. वाळताना एक फाक इकडं पीळ खाते, एक तिकडं, आणि मधला सांधा तुटतो. मग तिनं पुस्तकातला इंग्रजी शब्दही सांगितला, जपून, एकेक अक्षर उच्चारून.

"हे आम्ही अजून शिकवलेलं नाही," प्राध्यापक प्राचार्यांना म्हणाले.

"पुस्तक घेऊन गेलते मी," ती म्हणाली. "खळ्यावर वाचलं. तिथं समोरच होतं सगळं."

प्राचार्यांनी कागद पुन्हा पुढं ओढला. आजारपणाच्या अर्जांचा गठ्ठा त्यांच्या डाव्या हाताला होता, सारख्याच अक्षरातले डॉक्टरी कागद टाचलेले. त्यांनी तिचा अर्ज त्या गठ्ठ्याच्या वर न ठेवता वेगळा ठेवला, नियमाचा आकडा माहितीपुस्तकाशी ताडून पाहिला, आणि लिहिलं, कारण खरे व पुरेसे, सूट मंजूर. उद्यापासून एकही तास चुकता कामा नये, असं बजावलं.

"उद्या न्हाई जमणार, सर," ती म्हणाली. "रास अजून दोन दिवसांची राहिलीय. सोमवारी येते."

मी डोळे मिटून घेतले. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आधी हसले, मग तिसरे हसले, आणि शेवटी प्राचार्यांनी, जा, सोमवारी ये, असं म्हणून हात हलवला.

व्हरांड्यात बापानं तिच्याकडं नुसतं पाहिलं. तिनं मान हलवली. तो उठून उभा राहिला, टोपी काढून पुन्हा घातली, आणि बस किती वाजता आहे ते मला विचारलं.

बातमी दुपारपर्यंत वसतिगृहांतून फिरली. दुसऱ्या दिवशी, शेवटच्या तारखेला, माझ्या पोस्टकार्डांवर आलेली मुलं खिडकीशी उभी होती आणि खरी कारणं लिहीत होती. विहिरीचं खोदकाम. बहिणीचं बाळंतपण, घरात दुसरी बाई नाही. उसाचं गाळप. एकानं घाबरत विचारलं, बाप भांडून निघून गेला होता, त्याला शोधायला गेलो, हे लिहिलं तर चालतं का. मी विचारलं, तुला काय वाटतं. त्यानं लिहिलं. सगळ्यांना सूट मिळाली असं म्हणणार नाही. पण बरेच जण परीक्षेला बसले, आणि ज्यांना नाही मिळाली त्यांनाही का नाही ते तोंडावर सांगितलं गेलं. पेटी उचलून कोणी गुपचूप गेलं नाही. त्या संक्रांतीनंतर रांग उलट दिशेनं चालत होती आणि मी ती डोळ्यांनी पाहिली.

प्राचार्यांची चिठ्ठी मॅडमनी खणातून काढून माझ्यासमोर फाडली. डायरीवर सही केली. शेरा काही लिहिला नाही. पुढच्या वर्षी मी पहिल्या वर्गात एम.ए. झाले आणि विद्यार्थी कल्याणाची नोकरी मागायला गेले तेव्हा मुलाखतीत मला विचारलं की तुम्ही पत्रकं वाटता म्हणे. मी म्हटलं, वाटते, आणि यापुढंही वाटीन. पण आता छापण्याआधी हजेरीपुस्तक बघते. नोकरी मिळाली, त्याच कॉलेजात.

त्या सोमवारी मी पहिल्या तासाला मुद्दाम वर्गावरून गेले. ती दुसऱ्या बाकावर होती. फळ्यावरचं उतरवून घेत होती, ओठ मुडपून, भरभर. दारात कोणी उभं आहे हे तिला कळलंही नाही. समुपदेशनासाठी ती माझ्या खोलीत पुन्हा कधी आली नाही. अडीच वर्षांनी बी.एस्सी. होऊन बाहेर पडली, तोवर एकदाही नाही. माझ्या कामातला एवढा मोठा विजय मला अजून दुसरा मिळालेला नाही.